बॉबिनचा गुडघा

गाडीच्या मागच्या सीटवर दोन बहिणी बसल्या होत्या आणि दोघींच्या मांडीवर मिळून एक कुत्रा आडवा पडला होता. डोकं थोरलीच्या मांडीवर, शेपटी धाकटीच्या. ही वाटणी कोणी ठरवून केलेली नव्हती. दवाखान्यातून उचलून आणताना तो ज्या बाजूनं आत सरकवला गेला, त्या बाजूनं राहिला, एवढंच. तरी धाकटीच्या मनात आलंच, की बघा, इथेही डोकं तिच्याकडे आणि माझ्या वाट्याला शेपूट.

कुत्र्याचं नाव बॉबिन. जात कुठली विचाराल तर सगळ्यांची थोडी थोडी. मागच्या उजव्या पायाचे केस पार भादरलेले, गुडघ्यावर टाक्यांची लांब रांग, गळ्यात प्लास्टिकचं पांढरं नरसाळं. भुलीचा अंमल पुरता उतरलेला नव्हता, त्यामुळे एक डोळा उघडा, एक मिटलेला आणि जीभ भलतीकडेच. अशा अवतारातही तो मधूनच शेपटी आपटत होता. ती धाकटीच्या पोटावर आपटत होती आणि धाकटीला भरून येत होतं.

गाडी चालवत होता किल्लीभाऊ. हा त्यांच्या समोरचा कुलूपवाला. गाडीही त्याचीच, म्हणजे एरवी लोखंडी पत्रे आणि ग्रीसचे डबे वाहणारी. त्यानं आरशातून मागे बघत विचारलं, "डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं लक्षात आहे ना?"

थोरलीला वाटलं धाकटीला विचारलं. धाकटीला वाटलं थोरलीला. दोघी आपापल्या खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. आता दोघींनी उत्तर दिलं असतं तर ते एकमेकींशी बोलल्यासारखं झालं असतं, आणि ते तर व्हायचं नव्हतं. दोघींचा अबोला होता. चौदा महिन्यांचा, अखंड, एका शब्दाचाही डाग न लागलेला.

"बरं," किल्लीभाऊ म्हणाला. "मीच लक्षात ठेवतो."

डॉक्टरांनी सांगितलं होतं ते विसरण्यासारखं नव्हतंच. डॉक्टरीण तरुण, हाताला हलकी आणि जिभेला फटकळ. ऑपरेशन झाल्यावर तिनं तिघांना आत बोलावलं. धाकटी पुढे झाली आणि आधी तिनं गुडघ्यावरचे टाके वाकून पाहिले. काय करणार, चाळीस वर्षं मशीनवर बसलेली बाई. "टाके बरे आहेत," ती म्हणाली, "शेवटचे तीन जरा विरळ पडलेत." त्यावर थोरली भिंतीकडे बघून पुटपुटली, "कापलंय मात्र सरळ." कारण थोरली कापड बेतायची आणि धाकटी शिवायची. दोघींचं मिळून एक शिवणाचं दुकान होतं.

डॉक्टरीण म्हणाली, "आभारी आहे. आता ऐका. गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं होतं. हाड थोडं कापून फिरवलंय आणि त्यावर धातूची पट्टी आणि स्क्रू बसवलेत. सहा आठवडे पळणं नाही, उडी नाही. बाहेर न्यायचं ते पट्ट्याला धरून, पाच मिनिटं, शी-शूपुरतं. आणि जिना अजिबात नाही. एक पायरीसुद्धा नाही. हाड जुळायच्या आत ती पट्टी हलली तर हा पाय तो पुन्हा टेकणार नाही. मग मलाही काही करता येणार नाही."

मग तिनं कागद पुढे ओढला. "घरात जिना आहे का? दिवसातून किती वेळा चढतो?"

दोघींना एकदम आपापल्या चपला फार बघण्यासारख्या वाटायला लागल्या. शेवटी किल्लीभाऊनंच तोंड उघडलं. "सतरा पायऱ्या आहेत. चाळीसेक वेळा चढतो. गर्दी असली तर पन्नास."

"पन्नास? कशासाठी?"

"निरोप न्यायला," किल्लीभाऊ म्हणाला. "या दोघी एकमेकींशी बोलत नाहीत."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "म्हणजे तुमच्या जिभा चालत नाहीत म्हणून याचे पाय चालतात," त्या एवढंच म्हणाल्या आणि गोळ्या लिहायला लागल्या. धाकटीला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. जाताना थोरलीला मात्र घेऊ नये, तिला इथेच राहू द्यावं, म्हणजे तिला बोलणी खाता येतील.

आता हा अबोला कशावरून, हे सांगायला हवं. सांगायला लाज वाटावी इतकं ते कारण फुटकळ होतं. एका व्हायोलिनच्या मास्तरांनी कोट शिवायला टाकला. ट्रायलच्या दिवशी कोट अंगात घातला तर एका खांद्यावर चुणी. धाकटी म्हणाली, "कापतानाच खांदा गेलाय." थोरली म्हणाली, "माझं कापणं चोख आहे, शिवणाऱ्यानं ओढून शिवलंय." हे गिऱ्हाइकासमोर. मास्तर बिचारे भला माणूस. "अहो," ते म्हणाले, "आयुष्यभर व्हायोलिन धरून माझाच डावा खांदा वर गेलाय." दोघी एकदम त्यांच्यावर उखडल्या, "तुम्ही मध्ये बोलू नका." दोघींनी एका सुरात म्हटलेलं ते शेवटचं वाक्य. त्यानंतर थोरली ताडताड जिना चढून वर गेली आणि अबोला सुरू झाला.

घराची रचनाही अशी, की भांडणाला सोयीची. खाली दुकान, मशीन आणि त्यामागे धाकटीची खोली. वर कापायचं लांब टेबल आणि थोरलीची खोली. रस्त्यावर उतरायला थोरलीला मागचा वेगळा जिना होता. म्हणजे एकमेकींचं तोंड न बघता जन्म काढता आला असता. धंदा मात्र तसा चालत नाही. बेतलेलं कापड खाली यायला हवं, मापं वर जायला हवीत. तिथे बॉबिन कामाला आला. त्याच्या पाठीवर दोन खिशांची पिशवी बांधली. "वर" म्हटलं की तो वर जाई, "खाली" म्हटलं की खाली येई. थोरली तर जिन्याच्या तोंडाशी येऊन त्याला मोठ्यानं नावानं हाक मारी. हुशार इतका की चौथ्या दिवशी शिकला. दोघींनी त्याचं कौतुक केलं, आपापल्या मजल्यावर.

पिशवीतून चिठ्ठ्याही जात. त्यांची भाषा बघावी. "वरच्या मजल्यास कळवण्यात येते की कात्रीस धार लावणे आवश्यक आहे." वरून उत्तर, "खालच्या मजल्याने नोंद घ्यावी की कात्री उत्तम आहे, नजर तपासून घ्यावी." सरकारी कचेरीतही इतका शिस्तीचा पत्रव्यवहार होत नसेल. एका चिठ्ठीला सतरा पायऱ्या, उत्तराला सतरा पायऱ्या, आणि उत्तराचं उत्तर दिल्याशिवाय तर कोणालाच चैन पडत नसे.

धाकटीला ताईची आठवण येत असे. हे तिनं कोणाला सांगितलं नसतं, पण खरं ते खरं. डोक्यावरच राहणाऱ्या बहिणीची आठवण यावी, म्हणजे काय म्हणावं. वरून पावलं वाजली की ती मशीनचा पाय थांबवायची. पावलं जिन्यापर्यंत येतात का ते ऐकायची. यायची, तिथे थांबायची, परत जायची. मग धाकटी मशीन पुन्हा सुरू करायची, जरा जास्तच जोरात.

तर असा हा बॉबिन घरी आला. किल्लीभाऊनं त्याला दुकानातच मशीनच्या शेजारी गादीवर ठेवला, कारण दुसरी जागाच नव्हती. जिना दुकानातूनच वर जात होता, म्हणून त्याच्या तोंडाशी इस्त्रीची फळी आडवी लावली. थोरलीनं बॉबिनच्या डोक्यावरून, म्हणजे नरसाळ्यात हात घालून, हात फिरवला, फळी उचलून पलीकडे गेली, फळी परत लावली आणि वर निघून गेली. एक शब्द नाही.

पहिली रात्र गोळीच्या गुंगीत गेली. खरी मजा दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू झाली. वर थोरलीनं कापायला घेतलं. टेबलावर कात्री चालायला लागली की तिचा एक घसघस आवाज होतो. तो ऐकल्याबरोबर बॉबिनचे कान नरसाळ्यात उभे राहिले. कापड तयार होतंय, मला बोलावणं येणार. तो उठायला लागला. धाकटीनं मशीन सोडून त्याला दाबून धरलं. तो कुंई कुंई करायला लागला. वर कात्री थांबली. बॉबिन थांबला. कात्री सुरू, बॉबिन सुरू. असं दहा वेळा झालं. धाकटीचा जीव टांगणीला लागला. ती एका हातानं कुत्र्याला धरून दुसऱ्या हातानं शिवू शकत नव्हती, आणि वर ओरडून "कात्री थांबव" म्हणणं म्हणजे चौदा महिन्यांवर पाणी.

शेवटी तिनं झाडूच्या दांड्यानं छत ठोकलं. वरून थोरलीनं टाच आपटून उत्तर दिलं. ते बोलणं नव्हे, ठोकणं होतं, त्यामुळे दोघींच्या नियमात बसलं. पण त्यातून अर्थबोध काही झाला नाही. मग धाकटीनं दारातून किल्लीभाऊला हाक मारली आणि कात्री थांबवायचा निरोप देऊन त्याला वर पाठवलं.

किल्लीभाऊ वर गेला, खाली आला. "थोरल्याबाईंचं म्हणणं, मग काय कात्री विकू का."

"तिला म्हणावं, खाली येऊन काप."

किल्लीभाऊ वर गेला, खाली आला. "त्यांचं म्हणणं, कोणाच्या सांगण्यावरून त्या येणार नाहीत. कुत्र्यासाठी येतील."

"कुत्र्यासाठीच सांगतेय."

किल्लीभाऊ जिन्याच्या कठड्याला टेकून उभा राहिला. "हे बघा धाकट्याबाई, माझे गुडघे अजून चांगले आहेत आणि मला ते तसेच ठेवायचेत. यापुढचा निरोप तुमचा तुम्ही न्या." असं म्हणून तो गेला. त्यालाही काम होतं.

तासाभरानं थोरली खाली उतरली. काखेत कापडाचा गठ्ठा, गळ्यात टेप, हातात कात्री. खिडकीपाशी तिनं दोन स्टुलांवर एक दार टाकलं. हो, दारच, किल्लीभाऊकडून आणलेलं, कुलूप काढलेलं. आणि त्यावर कापायला घेतलं. बॉबिननं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा धाकटीकडे पाहिलं. दोघी एका खोलीत. त्यानं मोठा सुस्कारा सोडला आणि डोकं खाली टेकवलं.

धाकटीला वाटलं, झालं, सुटलो. पण सुटतात कसले. एका खोलीत बसून न बोलणं वेगवेगळ्या मजल्यांवर न बोलण्यापेक्षा फार अवघड असतं, ज्यांनी केलंय त्यांना विचारा. हातात एका वाद्यवृंदाची बारा जाकिटं होती. काही विचारायचं असलं की दोघींच्या जिभा खाजायच्या. थोरलीला आधी युक्ती सुचली. ती कापता कापता कुत्र्याला म्हणाली, "बॉबिन, काही लोकांना खिशाची जागा एक बोट खाली घ्यायला सांगायला हवं."

धाकटी पण काही कमी नव्हती. "बॉबिन, काही लोकांनी खडूची खूण दिसेल अशी केली, तर खिसा बरोबर जागेवर बसेल."

"बॉबिन, खूण आहे. डोळे लागतात बघायला."

"बॉबिन, डोळे आहेत म्हणूनच म्हणतेय."

दोघींना मनातून इतकं बरं वाटलं, की काय सांगावं. बोलायचं तर बोलणं, आणि अबोला शाबूत. फक्त बॉबिनचं काय होतंय तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं. प्रत्येक वेळी नाव घेतलं की तो मान उचलायचा, या बाजूला बघायचा, त्या बाजूला बघायचा, नरसाळं मशीनच्या पायाला खाडकन आपटायचं आणि तो पुढचे पाय रोवून उठायची तयारी करायचा. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक टोमणा काय असतो. त्याच्या लेखी आपलं नाव आलं म्हणजे ड्यूटी आली.

तिसऱ्या दिवशी ते धाकटीच्या लक्षात आलं. तिनं हातातलं काम ठेवलं आणि भिंतीवरच्या घड्याळाला म्हणाली, "कुत्र्याचं नाव घेऊन बोलू नये. तो उठतो."

थोरलीनं खिडकीला उत्तर दिलं, "सुरुवात कोणी केली?"

"ज्यानं केली त्यानं केली," धाकटी घड्याळाला म्हणाली. मग एक दिवस घड्याळ आणि खिडकी यांच्यात बोलणं चाललं. जाकिटं मात्र छान होत होती. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांना वाटायचं, या बायका वयामुळे जरा हललेल्या दिसतात.

चौथ्या दिवशी दुपारी आठव्या जाकिटाचं अस्तर कमी पडलं. थोरली दुपारचं जेवायला वर गेली होती, ती खाली आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत कापड होतं, खांद्यावर कापड होतं. तिनं पायानं फळी बाजूला सारली आणि ती परत लावायची राहून गेली. धाकटीचं त्याकडे लक्ष नव्हतं. एका जाकिटाची बाही मशीनखाली अर्धी शिवून झाली होती आणि अशा वेळी ती जगाच्या कारभारात लक्ष घालत नसे.

थोरलीनं स्टुलांवरच्या दारावर कापड पसरलं, मोजलं, पुन्हा मोजलं. कपाळावर हात मारला. ती खिडकीशीही बोलली नाही, घड्याळाशीही नाही, स्वतःशीच म्हणाली, "गेलं, अस्तर वरच राहिलं. आता परत वर."

आता "वर" हा शब्द या घरात साधा शब्द राहिला नव्हता.

बॉबिन उठला. गोळीची गुंगी होती, पाय डळमळत होते, पण चौदा महिन्यांची नोकरी अशी एका ऑपरेशननं सुटत नाही. तीन पायांवर, नरसाळं डावीकडे उजवीकडे हलवत, तो शहाण्यासारखा जिन्याकडे निघाला. धाकटीनं मान वर केली तेव्हा त्याचे पुढचे दोन पाय पहिल्या पायरीवर होते आणि तो मागचे पाय उचलण्यासाठी अंग गोळा करत होता.

धाकटी मशीनमागे अडकलेली. समोर टेबल, बाजूला कापडाचा ढीग, ती पोचेपर्यंत तो तीन पायऱ्या चढला असता. थोरली त्याच्यापासून दोन हातांवर, पण पाठमोरी, कापडात डोकं घालून. घड्याळाला सांगून उपयोग नव्हता. खिडकीला सांगून उपयोग नव्हता. बॉबिनचं नाव घेतलं असतं तर तो आणखी जोमानं चढला असता.

"ताई, धर त्याला!"

थोरली वळली, हातातली कात्री टाकली आणि जिन्यापाशी सरळ जमिनीवर बसून तिनं त्याला पोटाखालून दोन्ही हातांनी कवेत घेतलं. त्रेसष्टाव्या वर्षी बाई इतकी चपळ असेल असं कोणाला वाटलं नसतं. बॉबिनला हे अगदीच अनपेक्षित होतं. त्यानं तिच्या तोंडावर नरसाळं आपटलं आणि मग तोंड चाटायचा प्रयत्न केला, जो नरसाळ्यातून काही जमला नाही.

दोघींनी मिळून त्याला गादीवर आणला. टाके पाहिले, एकही सुटलेला नव्हता, ते विरळ तीनसुद्धा. थोरलीनं दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, रक्त आहे का, सूज वाढलीय का, उभा केल्यावर पाय टेकवतो का. पाय टेकवतो का हे बघायला त्याला हळूच उभं केलं. दोघी त्याच्या दोन बाजूंना गुडघ्यांवर बसल्या आणि त्या पायाकडे बघत राहिल्या. पाय हवेतच होता. कितीतरी वेळ हवेतच होता. धाकटी मनात म्हणत होती, टेक रे, टेक माझ्या राजा, मी काय म्हणशील ते करीन. मग बॉबिनला कंटाळा आला म्हणा किंवा काय म्हणा, त्यानं पाय खाली टेकवला आणि जांभई दिली.

"टेकला," थोरली फोनवर म्हणाली, आणि लगेच पुन्हा एकदा तेच म्हणाली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ठीक दिसतंय, पण उद्या आणून दाखवा. आणि आता तरी जरा डोकं वापरा. थोरली "हो" म्हणाली. ती कोणाला इतक्या सहज हो म्हणाल्याचं धाकटीला आठवत नव्हतं.

फोन ठेवला. दोघी जमिनीवरच बसून राहिल्या. धाकटीनं ताईला हाक मारली होती, ती आता परत घेता येण्यासारखी नव्हती. थोरली भिंतीला टेकून म्हणाली, "फळी मी लावली नाही."

"हो. तूच लावली नाहीस."

"मग तेच म्हणतेय मी."

"आणि तोंडानं वर वर करत होतीस."

"मी माझ्याशी बोलत होते."

"तुझ्याशी बोलायला तुला बरं सुचतं."

झालं, तोंडं सुटली. चौदा महिने तुंबलेलं पाणी ते, एकदा वाट मिळाल्यावर थांबतंय कशाला. चिठ्ठ्या निघाल्या, कात्रीची धार निघाली, छत ठोकलेलं निघालं, कोणाचं मशीन कोणाच्या दुपारच्या झोपेच्या वेळी मुद्दाम वाजायचं तेही निघालं. आणि शेवटी मास्तरांचा कोट निघालाच.

"मापं कोणी घेतली होती?" थोरलीनं विचारलं.

"मी," धाकटी म्हणाली. " त्यांचा खांदा वर आहे हे मला दिसलं होतं. वहीत लिहायचं राहिलं."

"मलाही दिसलं होतं," थोरली म्हणाली. "ते दारातून आत आले तेव्हाच."

"मग बेतताना घेतलं का नाहीस लक्षात?"

"मापं हे तुझं काम. म्हटलं, वहीत असेल तसं कापीन. मी का सांगू?"

"म्हणजे मुद्दाम?" धाकटीनं विचारलं.

"मुद्दाम," थोरली म्हणाली, आणि तिलाच ते ऐकून कसंतरी झालं असावं, कारण तिनं मान खाली घातली. मग पुन्हा दोघींचे आवाज चढले. समोरून किल्लीभाऊ कानस हातात घेऊन दारापर्यंत आला, आत डोकावला आणि परत गेला. पलीकडच्या दुकानदाराला तो म्हणाला, "सगळं ठीक आहे. भांडताहेत."

बॉबिन गादीवर गाढ झोपला होता. घरी आल्यापासून इतका शांत तो पहिल्यांदाच झोपला. दोघी तारस्वरात बोलत होत्या, पण त्याचं नाव कोणी घेत नव्हतं. काम आपल्याकडे नाही एवढं कळलं की त्याला पुरे होतं.

धाकटीचं लक्ष त्याच्या पायाकडे गेलं. गुलाबी, बोडका, मधोमध टाके. एकदम तिचा सगळा राग ओसरला आणि रडू आलं. "आपण त्याचा गुडघा घालवला गं," ती म्हणाली. "आपल्या दोघींच्या हट्टापायी. तो बिचारा चढत राहिला."

"तो चढला," थोरली म्हणाली. "तू नाही चढलीस."

"काय?"

"चौदा महिने. एकदाही वर आली नाहीस. मी रोज जिन्यापाशी येऊन उभी राहायचे. म्हटलं, आज येईल. पावलं वाजायची, बघावं तर कुत्रा." थोरलीनं डोळे पुसले नाहीत, तिला ती सवय नव्हती. "मी थोरली. मी कशी उतरू आधी?"

"तू एक हाक मारली असतीस तर आले असते. सतरा काय, सत्तर पायऱ्या चढून आले असते. तू हाकच मारली नाहीस."

"मारत होते की," थोरली म्हणाली. "रोज मारत होते. नाव फक्त त्याचं घ्यायचे."

धाकटीला त्या हाका आठवल्या. दिवसातून चाळीस वेळा वरून येणाऱ्या, जिन्याच्या तोंडाशी उभं राहून मारलेल्या, कुत्र्यासाठी इतकं मोठ्यानं कशाला ओरडावं असं वाटायला लावणाऱ्या. आणि त्या आल्या की आपण काय करायचो, तर मशीन जोरात चालवायचो. ती उठली. गुडघे कटकन वाजले, अठ्ठावन्न वर्षांचे होते.

"कुठे निघालीस?"

"अस्तर आणायला. आठवं जाकीट व्हायचंय ना."

ती कठड्याला धरून एकेक पायरी चढली. मागे ताईनं फळी जागेवर लावल्याचा आवाज आला. वरची खोली तिनं चौदा महिन्यांनी पाहिली. टेबल तेच, खिडकी तीच, पडदा नवीन होता आणि तो बऱ्यापैकी वाकडा शिवलेला होता. हातानं शिवला होता ताईनं, कोणाला सांगायचं नाही म्हणून. धाकटी तो उसवून नीट करायचं ठरवून कपाटाकडे वळली. अस्तराचं कापड समोरच्याच कप्प्यात होतं. तिनं ते घेऊन काखेत मारलं.

"छोटे," खालून हाक आली. लहानपणी ताई तिला हेच म्हणायची. "छोटे, सापडलं का गं?"

धाकटी कापड घेऊन जिन्याच्या तोंडाशी आली आणि तिथेच थांबली. उत्तर अगदी ओठांवर होतं. पण ती काही बोलली नाही, म्हणजे ताई आणखी एकदा हाक मारेल.